आमच्या माघारी काय?

अंथरुणास खिळलेल्या किंवा जन्मतःच परावलंबी असलेल्या माणसाची वर्षानुवर्षे करावी लागणारी शुश्रूषा, आणि तिच्या खर्चासाठी सरकारी पैसा मिळविण्याची खटपट, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पूर्वी ह्या विषयावर कोणी व्याख्यान दिले नसते. तो घरातील बायकांचा विषय होता, आणि त्यांच्या श्रमाचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला जात नव्हता. वाड्यात दहा माणसे असत. पक्षाघात झालेले आजोबा माजघराशेजारच्या खोलीत पडून असत, आणि सून, लेक किंवा विधवा आत्या ह्यांपैकी कोणी तरी त्यांचे सर्व काही करी. आत्याला त्याबद्दल काय मिळाले, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे. ती व्यवस्था चांगली होती असे मी म्हणणार नाही. ती फुकट होती एवढेच.

आता वाडे गेले. पेठांतील माणसे कोथरूडला, वारज्याला, सिंहगड रस्त्याला दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत गेली. मुले बंगळुरास किंवा अमेरिकेस गेली. जे काम आत्या करी त्यासाठी आता 'ब्युरोची बाई' बोलवावी लागते, आणि दिवसाची एक व रात्रीची एक अशा दोन मावशी ठेवावयाच्या म्हटले, की सामान्य पेन्शनराचे सबंध निवृत्तिवेतन त्यात जाते. हा खर्च महिना-दोन महिन्यांचा असता तर उसनवारी करूनही निभावले असते. परंतु तो दहा वर्षांचा, आणि मूल जन्मतःच मंदबुद्धीचे असेल तर चाळीस-पन्नास वर्षांचा असतो. त्यातही आईबापांस खर्चापेक्षा एक प्रश्न अधिक छळतो. आम्ही आहो तोवर ठीक आहे. आमच्या माघारी काय?

ह्या कामी परदेशांत काय करतात ते थोडक्यात सांगतो. जर्मनीने १९९५ साली केवळ शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला. जपानने २००० सालच्या एप्रिलपासून चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाकडून त्यासाठी वर्गणी घेण्यास आरंभ केला, आणि पात्र ठरलेल्या वृद्धासाठी कोणती सेवा किती घ्यावी ह्याची आखणी करून देणारा जाणकारही त्याच योजनेच्या पैशातून दिला. इंग्लंडात ज्याची मुख्य गरज वैद्यकीय ठरते त्याच्या शुश्रूषेचा सर्व भार तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा उचलते; मात्र ते ठरविण्यासाठी बारा मुद्द्यांचे एक लांबलचक पत्रक भरले जाते. पामेला कॉफलन ह्या अपघाताने अपंग झालेल्या बाई आपली बाजू घेऊन न्यायालयात गेल्या, आणि १९९९ साली तेथील अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या पत्रकावर कुटुंबाची बाजू नीट मांडून देणारे वकील आणि अनुभवी परिचारिका ह्यांचा आज तेथे एक व्यवसायच झाला आहे. म्हणजे जेथे पैसा आहे तेथेही तो आपण होऊन घरी चालत येत नाही. तो मागावा लागतो, आणि कसा मागावा हे सांगणारा कोणी तरी लागतो.

आपल्याकडे असा एक विमा नाही, एक खाते नाही, एक खिडकी नाही. पुष्कळांची समजूत आहे की सत्तरीनंतर जे आयुष्मान कार्ड मिळते त्यात हे सर्व येते. ते तसे नाही. २०२४ सालच्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्वांस, उत्पन्न न पाहता, वर्षास पाच लाखांपर्यंतचे उपचार त्या कार्डावर मिळू लागले, ही गोष्ट मोठी आहे. परंतु ते उपचार रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाचे असतात. घरी परत आल्यावर कूस पालटणारी, भरविणारी, रात्री तीनदा उठणारी जी बाई लागते, तिचा पगार त्या कार्डातून मिळत नाही.

तरीही सरकारी पैसा मुळीच नाही असे मात्र नाही. तो निरनिराळ्या कायद्यांत व नियमांत विखुरलेला आहे, आणि त्यांतील बहुतेकांच्या नावात 'शुश्रूषा' हा शब्द नाही, म्हणून तो आपल्या दृष्टीस पडत नाही. एके ठिकाणी तो निवृत्तिवेतनाच्या नियमांत आहे, दुसरीकडे दिव्यांगांच्या कायद्यात आहे, तिसरीकडे निराधारांच्या अनुदानात आहे. लष्करात तर शंभर टक्के अपंगत्व आलेल्या जवानास, वैद्यकीय मंडळाने शिफारस केल्यास, निवृत्तिवेतनाखेरीज 'सतत परिचर भत्ता' मिळतो. जायबंदी माणसाजवळ दुसरे कोणी तरी सदोदित असावे लागते आणि त्या दुसऱ्या माणसालाही पोट असते, ही गोष्ट सरकारने इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच कबूल केली असेल. खडकीस १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. पुणेकरांनी एकदा तेथे जाऊन यावे.

आता ज्या तरतुदीसाठी मी मुख्यतः आज बोलावयास बसलो आहे तिच्याकडे वळतो. सरकारी नोकर किंवा पेन्शनर वारल्यावर पत्नीस अथवा पतीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळते हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्याही पश्चात ते मुलांकडे जाते, पण ठराविक वयापर्यंतच, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु मूल मनाने किंवा शरीराने इतके अधू असेल की ते स्वतःची उपजीविका करूच शकत नाही, तर ह्या वयाच्या मर्यादेचा अडसर राहत नाही. त्यास ते निवृत्तिवेतन आजन्म मिळते. महाराष्ट्र सरकारच्या नोकरांसाठी ही तरतूद १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील ११६ व्या नियमात आहे. टपाल खाते, संरक्षण लेखा विभाग किंवा खडकीचा दारूगोळा कारखाना येथून निवृत्त झालेल्यांना केंद्राचे नियम लागू आहेत, आणि तेथेही हीच तरतूद आहे. केंद्राने तर २०२१ साली उत्पन्नाची अट पुष्कळ सैल केली. अशा मुलाचे इतर मार्गांनी येणारे उत्पन्न त्यास मिळावयाच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे आईबापांच्या अखेरच्या पगाराच्या तीस टक्के अधिक महागाई ह्या रकमेपेक्षा, कमी असले की पुरे. पूर्वी त्यासाठी महिना नऊ हजार अधिक महागाई अशी सरसकट मर्यादा होती.

चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली त्यांनीही कान द्यावा. भविष्यनिर्वाह निधीबरोबर जी १९९५ ची निवृत्तिवेतन योजना चालते, तिच्यातही सभासदाच्या मृत्यूनंतर पूर्णपणे व कायमच्या अपंग असलेल्या मुलास वयाची अट न लावता निवृत्तिवेतन देण्याची सोय आहे. रक्कम मोठी नसते. पण ती दरमहा येते, आणि आयुष्यभर येते.

आता ही तरतूद व्यवहारात कशी फळते ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्याबरोबर नोकरीस असलेले एक शिक्षक होते. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांची धाकटी मुलगी वयाने वाढली तरी समजुतीने पाच-सहा वर्षांच्या मुलासारखी राहिली. गुरुजी मोठे मायाळू होते. मुलीस त्यांनी विशेष शाळेत घातले, पण तिचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढावयाचे त्यांनी कटाक्षाने टाळले. 'पोरीच्या नावावर सरकारी शिक्का कशाला?' असे ते म्हणत. गुरुजी वारले, काकूंस निवृत्तिवेतन सुरू झाले, पुढे काकूही गेल्या. मुलगी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. ती थोरल्या भावाच्या घरी गेली, आणि तिला एकटे ठेवता येत नाही म्हणून भावजयीने आपली नोकरी सोडली.

भावाने अर्ज केला तो परत आला, कारण प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. त्याने प्रमाणपत्र मिळविले, तेव्हा ते आईबापांच्या मृत्यूनंतरचे आहे, अपंगत्व आधीपासून होते ह्याचा पुरावा काय, असे पत्र आले. त्याचेही समाधान केले, तोच पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे, कायदेशीर पालक कोण, अशी विचारणा झाली. कार्यालयास मी फार दोष देत नाही. टेबलावरील माणसाला कागदाखेरीज दुसरे काही दिसत नसते. पण ह्या तीन प्रश्नांत अडीच वर्षे गेली.

शेवटी दोघांनी वाट काढून दिली. एक, त्या विशेष शाळेतील समाजसेविका. शाळेच्या दाखल-रजिस्टरात मुलीच्या वयाच्या आठव्या वर्षाची नोंद होती, त्या वेळचा बुद्धिमापनाचा अहवाल होता, आणि तोच आईबापांच्या हयातीतील पुरावा ठरला. दुसरे, एक निवृत्त कारकून, ज्यांचा उभा जन्म निवृत्तिवेतनाची प्रकरणे तपासण्यात गेला होता. त्यांनी जुना अर्ज बाजूला सारला आणि नव्याने एक पानाचा अर्ज लिहिला. पहिल्याच वाक्यात नियमाचा क्रमांक, त्याखाली नियमातील एकेक अट, आणि प्रत्येक अटीसमोर ती कोणत्या कागदाने पुरी होते त्याचा अनुक्रमांक. दुःखाची कहाणी त्यात एका ओळीचीही नव्हती. तीन महिन्यांत मंजुरी आली आणि मागील फरकही मिळाला.

म्हणून माझे मत असे आहे, की ह्या कामात पहिला जाणकार वकील नव्हे. जो त्याच टेबलावर पूर्वी बसलेला आहे आणि आता निवृत्त झाला आहे, तो पहिला जाणकार. पुण्यात पेन्शनरांचा तोटा नाही. पेन्शनरांच्या संघटना आहेत, गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, आणि त्यांत असे गृहस्थ हटकून भेटतात. ते चहाच्या कपावर काम करतात आणि वर आपल्यालाच दोन नियम अधिक शिकवितात.

ह्यांच्या जोडीला दुसरी एक जात आहे, तिच्यापासून जपावे. कचेरीच्या फाटकाशी उभा असलेला, 'साहेब आपले आहेत' असे सांगणारा मनुष्य तुम्हांला ओळखता येतो. पण हल्ली टापटीप कार्यालय थाटून, सुबक पत्रिका छापून तेच काम करणारेही आहेत. खूण अशी, की तो मूळ कागद स्वतःजवळ ठेवून घेतो, मिळणाऱ्या फरकात हिस्सा मागतो, आणि मुलास पाहण्याआधीच 'ऐंशी टक्क्यांचे प्रमाणपत्र करून देतो' असे वचन देतो. टक्के ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. लबाडीने दिव्यांगाचा लाभ घेणाऱ्यास २०१६ च्या कायद्याच्या ९१ व्या कलमाने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. आणि त्या वेळी दलाल जागेवर सापडत नाही.

प्रमाणपत्राविषयी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण ती सर्व दारांची किल्ली आहे. अर्ज 'स्वावलंबन' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरावयाचा आणि नेमल्या दिवशी तपासणीस जावयाचे. पुण्यात ससून रुग्णालयात आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात हे काम होते. राज्याच्या ११६ व्या नियमासाठी प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हुद्द्याहून खालच्या अधिकाऱ्याचे चालत नाही, हे आधीच पाहून घ्यावे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. त्यांत मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता ही तर आहेतच, पण कंपवातही आहे. चाळीस टक्के किंवा अधिक ठरले, की बहुतेक सवलतींचा दरवाजा उघडतो.

म्हातारपणच्या विस्मृतीचे नाव त्या यादीत वेगळे दिलेले नाही, आणि त्यामुळे आपल्या आजीस प्रमाणपत्र मिळतच नाही, असे मला अनेकांनी सांगितले. ते बरोबर नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत भान आणि स्मरणशक्ती ह्यांचा गंभीर बिघाड येतो, आणि त्या सदराखाली विस्मृतीच्या रोग्याची तपासणी होते. ती कशी होते ते मास्तर ह्या नात्याने मला फार मनोरंजक वाटले. चार विषय आहेत: स्वतःची देखभाल, लोकांशी वागणे, बोलणे व समजणे, आणि काम. प्रत्येकास शून्यापासून चारपर्यंत गुण. त्यांत दुखण्याच्या काळाचे गुण मिळवितात. जितके गुण अधिक तितके परावलंबन अधिक. एवढी एकच परीक्षा मी पाहिली, की जिच्यात घरचे लोक रोग्याचे गुण कमी करण्यासाठी झटतात!

हे विनोदाने बोलतो, परंतु नुकसान येथेच होते. आपण रोग्यास न्हाऊ घालून, इस्त्रीचा सदरा घालून तपासणीस नेतो. चार अनोळखी माणसे पाहून आजोबांसही हुशारी येते. ते आपले नाव सांगतात, गाव सांगतात, डॉक्टरांची विचारपूस करतात. डॉक्टर सुनेस विचारतात, 'घरी कसे असतात?' आणि ती संकोचाने म्हणते, 'तसे बरे आहेत.' त्या तीन शब्दांत तिने तीन वर्षांची जागरणे पुसून टाकलेली असतात. रोगाचे नाव कागदावर आहेच; मंडळाला जाणून घ्यावयाचे असते ते हे, की हा मनुष्य स्वतःचे काय करू शकतो आणि काय करू शकत नाही. म्हणून तपासणीपूर्वी पंधरा दिवस एक वही ठेवावी. आज कोणी भरविले, किती वेळ लागला, कपडे किती वेळा बदलले, रात्री किती वेळा उठावे लागले, घराबाहेर निघून जाण्याचा प्रयत्न केला काय, अशा नोंदी तारखेनिशी कराव्यात. तिखटमीठ लावू नये, आणि लपवूही नये. सुनेला जे चारचौघांत बोलवत नाही ते वही सांगते.

आता पालकत्वाचा प्रश्न, जो त्या गुरुजींच्या मुलीच्या बाबतीत शेवटी उभा राहिला. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते, मग त्याची समज पाच वर्षांची का असेना. त्यानंतर आईबाप हे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे ऐकून पुष्कळ आया चकित होतात. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता ह्या चार प्रकारांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ह्यावर सोपा उपाय दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते, तीत नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, आणि ती पालक नेमून देते. दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावयाची आणि पुढे दर वर्षी हिशेब सादर करावयाचा, ही अट मला विशेष आवडली, कारण सख्ख्या भावाच्या हातीही पैसा हिशेबानेच असावा. ह्याच न्यासाची 'निरामय' नावाची एक लाखाची आरोग्यविमा योजना आहे. मुलाच्या नेहमीच्या व्यायामोपचारांचा खर्चही तीत बसतो, म्हणून तीही त्याच फेरीत उरकून घ्यावी.

विस्मृतीच्या रोग्यासाठी मात्र अशी समिती नाही. कित्येक लोक आजोबांचे कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निश्चिंत होतात. आजोबांचे भान गेले की ते मुखत्यारपत्रही कायद्याने संपते, आणि बँक ते नाकारते ते योग्यच करते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रसंगी राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली पालक नेमून दिले आहेत. तेथे वकिलावाचून गत्यंतर नाही.

आणि वकील म्हटला की फी आली, अशी आपली ठाम समजूत. ती निम्मी चुकीची आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमान्वये स्त्रियांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी त्यांचे उत्पन्न पाहिले जात नाही. पुन्हा सांगतो, उत्पन्न पाहिले जात नाही. म्हणजे डेक्कनवरील बंगल्यात राहणाऱ्या बाईंनाही तो हक्क आहे, मग मुलीच्या निवृत्तिवेतनासाठी झगडणाऱ्या विधवा आईस तो आहे हे सांगावयास नको. सुशिक्षित घरांतून ह्या सोयीचा उपयोग फारसा होत नाही. फुकट वकील म्हणजे हलका वकील, आणि सरकारी मदत म्हणजे भीक, असे आपल्याला वाटते. निवृत्तिवेतन ही भीक नव्हे. ते बापाने तीस वर्षे खडू झिजवून मिळविलेले आहे.

भिकेची ही भावना 'निराधार' ह्या शब्दाने तर अधिकच टोचते. १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आणि पासष्ट वर्षांवरील गरिबांच्या श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून दरमहा १५०० रुपये झाले. पुढे २०२५ साली दिव्यांगांसाठी ते २५०० करण्यात आले. उत्पन्नाची मर्यादा मात्र कुटुंबास वर्षाकाठी २१,००० रुपयांची आहे, दिव्यांगांसाठी त्याहून अधिक. आजच्या पुण्यात २१,००० रुपयांत वर्ष काढणारे कुटुंब कसे जगत असेल ते सरकारच जाणे. ही मर्यादा वाचून माझ्या श्रोत्यांपैकी बहुतेक जण हा विषय सोडून देतील. त्यांनी तो सोडू नये. तुमच्या घरी धुणीभांडी करावयास जी बाई येते, तिच्या घरी अर्धांगाने पडलेला नवरा असतो. ती चार घरची कामे करून दुपारी धावत जाते ती त्याला भरविण्यासाठी. त्याचे दिव्यांग प्रमाणपत्र निघालेले नसते, कारण अर्ज संगणकावर भरावयाचा असतो. तुमच्या घरी संगणक आहे, शिकलेली मुलगी आहे. तो अर्ज भरावयास एक तास लागतो, आणि अर्जाची पोचपावती छापून बाईच्या हाती द्यावयास पाच मिनिटे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. पण पोचपावती नसेल तर मुदत कोठून मोजणार? बिनपावतीचा अर्ज कधीही कोणाच्या हाती देऊ नये, हे आमच्या निवृत्त कारकुनांचे पहिले सूत्र होते.

ह्या सर्व खटपटीनंतरही जे मिळते ते थोडे आहे, हे मला मान्य आहे. २५०० रुपयांत ब्युरोची बाई आठवडाभरही यावयाची नाही. कायद्याने मात्र ह्याहून पुष्कळ बोलून ठेवले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात, ज्यांस अधिक आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी शुश्रूषा करणाऱ्याचा भत्ता ठेवावा, असे शब्द आहेत. अडतिसाव्या कलमात अशा माणसाने आपली गरज तपासून घेण्यासाठी अर्ज कसा करावा ते सांगितले आहे. केरळात अंथरुणास खिळलेल्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसास महिना ६०० रुपये देण्याची 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. सहाशे रुपये ते काय, असे कोणी म्हणेल. पण ते सेवा करणाऱ्या माणसाच्या नावे येतात, रोग्याच्या नव्हे, ही गोष्ट मला त्या रकमेपेक्षा मोठी वाटते. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी २०२२ च्या डिसेंबरात वेगळे खाते निर्माण झाले, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय तर आपल्या पुण्यातच आहे. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी अडतिसाव्या कलमाचा अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जच आले नाहीत तर गरज नाही असा अर्थ काढावयास कोणत्याही कचेरीस वेळ लागत नाही.

माझी वेळ संपत आली. ज्यांच्या घरी परावलंबी मूल आहे आणि आईबापांपैकी एक जण तरी पेन्शनर आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी राहिल्या. केंद्राच्या पेन्शनरांना कायम अपंग मुलाचे नाव आपल्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या आदेशात घालून घेता येते. ज्यांनी घातले नसेल त्यांनी आपल्या शेवटच्या कार्यालयास तसा अर्ज प्रमाणपत्रासह पाठवावा. राज्याच्या पेन्शनरांनी मुलाचे प्रमाणपत्र, विशेष शाळेचा दाखला आणि रुग्णालयाचे जुन्यात जुने कागद एका पाकिटात घालून त्यांची एकेक प्रत कार्यालयप्रमुखाकडे देऊन पोच घ्यावी, आणि पाकीट कोठे ठेवले आहे ते थोरल्या मुलास व सुनेस दाखवून ठेवावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. तेथे जाताना आधारपत्र आणि प्रमाणपत्राची प्रत बरोबर न्यावी, आणि मूळ प्रत घरीच ठेवावी.